शॉर्ट सर्किट

सरकारवर टीका करणारं एक साप्ताहिक एका छापखान्यात छापलं जायचं. दोन बहिणी तिथे वरच्या मजल्यावर पानं दुमडायच्या, शिवायच्या. निवडणुकीच्या धामधुमीत एका दुपारी थोरली दोरा आणायला समोरच्या दुकानात गेली. वळून पाहिलं तर तोंडाला रुमाल बांधलेली माणसं शटर ओढून कुलूप घालत होती. आत पेट्रोल ओतून झालं होतं. कागदच तो, बघता बघता भडकला. वरच्या खिडकीला गज होते. धाकटी गज धरून "ताई, ताई" म्हणून हाका मारत होती. थोरली शटरवर दगड घालत राहिली. मग हाका थांबल्या. वरचं कुणीच वाचलं नाही.

पळताना एकाचा रुमाल घसरला होता. तो चेहरा थोरलीने नीट पाहिला.

खटला उभा राहिला. साक्षीदार एकेक करून फिरले. थोरलीकडेही दोघं जण आले. धाकटीच्या रांगत्या मुलीला मांडीवर घेऊन एक जण म्हणाला, "गोड आहे हो पोर. जपा हिला."

थोरलीने कोर्टात सांगितलं, "कुणालाच ओळखलं नाही." आग शॉर्ट सर्किटने लागली असं ठरलं. मुलीलाही तिने हेच सांगून वाढवलं. स्वतः मात्र पुन्हा कागदाला हात लावला नाही. कपडे शिवू लागली. दाराला कडी लावू द्यायची नाही. नवरा म्हणायचा, "आपल्याकडे चोर आला तर बिचारा कीव येऊन काहीतरी ठेवूनच जाईल." ती हसायची आणि कडी काढायची.

मुलगी कॉलेजात गेली. एका संध्याकाळी गळ्यात पक्षाचा पट्टा घालून आली.

"मावशी, मला युवा आघाडीत घेतलं. हे बघ, साहेबांबरोबर."

मोबाइलवर फोटो होता. साहेबांचा हात तिच्या डोक्यावर. केस पिकले होते, चेहरा तोच.

थोरलीने मशीन थांबवलं आणि सगळं सांगितलं. मुलगी ऐकत गेली.

"मग तेव्हा का नाही बोललीस?"

"तू मांडीवर होतीस त्यांच्या."

दुसऱ्या दिवशी मुलगी थेट साहेबांना विचारून आली. "त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं, मावशी. म्हणाले, कुणीतरी तुझ्या मावशीचे कान भरलेत." त्यानंतर दोघींत कामापुरतंच बोलणं उरलं. 'जेवलीस का', 'उशीर होईल', एवढंच.

प्रचाराच्या शेवटच्या सभेहून मुलगी लवकर परतली. चप्पल न काढताच जमिनीवर बसली.

"साहेब भाषणात म्हणाले, एक छापखाना फार बडबड करायचा, आठवतोय ना? आता कसा गार पडलाय. सगळे हसले." ती थांबली. "मीपण हसले, मावशी. सगळे हसले म्हणून हसले. मग कळलं."

थोरली तिच्याजवळ खाली बसली. मुलगी रडली नाही. तोंडावर हात दाबून होती.

साहेब पुन्हा निवडून आले. मुलीने पट्टा परत केला आणि वकील गाठला. थोरलीने या वेळी नाव घेऊन जबानी दिली. वकील म्हणाले, "फार आशा ठेवू नका." खटला पुन्हा उघडण्याचा अर्ज पडून आहे, तारखा पडताहेत, दोघी जातात. घरात थोरलीचा नवरा अजून विनोद करतो. मुलगी आधी कोण कशावर हसतंय ते बघते. बहुतेक वेळा हसतच नाही.