बसच्या टपावरची छत्री

"गाडीवर नाही बसत ही," शार्दूल म्हणाला, तेव्हा रावजी दगडी गडग्यावर बसून तंबाखू मळत होता.

शार्दूल म्हणजे इंटरनेटच्या कंपनीने मुंबईहून धाडलेला इंजिनिअर. वय पंचवीस, गळ्यात ओळखपत्र, आणि रत्नागिरीच्या मे महिन्यातल्या उन्हाने दोन तासांत टोमॅटो झालेला. त्याच्यासमोर चारुदत्त सरांची बस उभी होती. तीस वर्षं भूगोल शिकवून निवृत्त झालेल्या सरांनी एक जुनी मिनीबस घेतली होती आणि तिच्यात दोन बिछाने, शेगडी, इवलीशी मोरी असा अख्खा संसार बसवला होता. जो किनारा जन्मभर पोरांना नकाशावर छडीने दाखवला, तो आता बायकोबरोबर फिरून बघायचा, हर्ण्यापासून सुरुवात करायची, असा त्यांचा बेत होता.

उल्कावहिनींची अट एकच. लेक नीरजा कॅनडात. रोज संध्याकाळी सहा वाजता तिचं तोंड संगणकावर दिसलं पाहिजे. ज्या दिवशी ते दिसणार नाही, त्या दिवशी बस कुठेही असो, त्या एसटी पकडून घरी येणार. आता २००७ साली किनाऱ्यावरच्या निम्म्या गावांत मोबाइल धड लागत नव्हता, तिथे इंटरनेट कुठलं असायला? म्हणून सरांनी थेट उपग्रहावरून इंटरनेट घ्यायचं ठरवलं. परवानगीच्या कागदांसाठी सहा महिने खेटे घातले. आणि हा मुलगा म्हणत होता, उपग्रहाची छत्री इमारतीवर बसते, सिमेंटमध्ये. केसभर हलली तरी उपग्रह सुटतो, आणि गाडी काय, हलणारच.

सर नुसता चष्मा पुसत राहिले.

रावजीने तंबाखू दाढेला लावली, हात झटकले आणि म्हणाला, "मी बसवतो, सर."

सगळी आळी ऐकत होती, त्यामुळे शब्द मागे घ्यायची सोय उरली नाही.

रावजी काही इंजिनिअर नव्हता. सातवी पास. पण रत्नागिरीत पहिल्यांदा टीव्हीच्या मोठ्या छत्र्या आल्या तेव्हापासून शहरातल्या निम्म्या कौलांवर आणि गच्च्यांवर त्याचे पाय लागले होते. दीपगृह पाठीवर घ्यायचं, चिमूटभर उजवीकडे वळायचं आणि नजर जवळजवळ डोक्यावर जाईल इतकी मान वर करायची, उपग्रह तिथे. यंत्र नंतर लावायचं, ते फक्त हो म्हणायला. पण गेल्या दोन वर्षांत घराघरांत ताटलीएवढ्या लहान छत्र्या आल्या, त्या बसवायला कंपन्यांची पोरं मोटरसायकलवरून यायला लागली आणि रावजीला बोलावणं येत होतं ते फक्त जुनी छत्री उतरवून न्यायला. अशा तीन छत्र्या त्याच्या परसात पडल्या होत्या. आंब्याच्या कारखान्यात रखवालदाराची जागा रिकामी होती. विमला, त्याची बायको, रोज आठवण करायची आणि तो रोज उद्यावर ढकलायचा. हे काम फसलं तर तो उद्या खरंच उजाडणार होता.

पुढचे आठ दिवस रावजी वेगळाच माणूस झाला. जेवायला बसला तरी बोटाने भातावर कोन काढायचा. लोखंडी पट्ट्यांची चौकट त्याने स्वतः उभं राहून वेल्डिंग करून घेतली. प्रवासात छत्री टपावर आडवी निजेल, मुक्कामाला उभी राहील आणि चारी बाजूंनी बोल्ट आवळले की तिला जागचं हलता येणार नाही, अशी ती केली. विमला म्हणाली की लग्नाच्या वेळीही इतका आनंद तुमच्या तोंडावर नव्हता. ते खरं होतं.

रविवारी चार वाजता बस भाट्याच्या किनाऱ्यावर सुरूच्या बनाजवळ, टणक जागा बघून उभी केली. चाचणीला आळीतली झाडून सगळी माणसं आली होती. शार्दूलही आला होता, मुंबईची गाडी रात्रीची आहे तोवर गंमत बघू म्हणून. सरांनी नारळ फोडला. वहिनींनी बसला हळदकुंकू वाहिलं. रावजी टपावर चढला, दीपगृह पाठीवर घेतलं, चिमूटभर उजवीकडे वळला आणि छत्रीला हात घातला. खाली शार्दूल लॅपटॉपवरचा आकडा वाचत होता. साठाच्या वर गेला की इंटरनेट लागणार. बावीस. एकतीस. चव्वेचाळीस. रावजीने श्वास धरून छत्री नखभर ढकलली.

"एकाहत्तर," शार्दूल म्हणाला, आणि त्याने तो आकडा स्वतःच पुन्हा एकदा बघितला.

 बोल्ट आवळून रावजी खाली उतरला. तोवर वहिनींनी आपल्या रिवाजाप्रमाणे सगळ्यांना आत बोलावलं होतं. नव्या घरात आलेल्याने दारातून परत जायचं नसतं, आत टेकून तोंड गोड करूनच जायचं. दहा माणसांच्या बसमध्ये सतरा माणसं शिरली. पेढे फिरले. आणि आकडा अठरावर आला.

रावजी पुन्हा वर गेला. छत्री फिरवून आकडा सत्तरावर आणला. तो कसं काय करतोय ते बघायला आतली सगळी मंडळी उजव्या खिडक्यांशी गोळा झाली, आणि आकडा गेला. पुन्हा आणला, ती डावीकडे सरकली, पुन्हा गेला. पाच वाजले. शर्ट भिजून पाठीला चिकटला. शार्दूल म्हणाला की मी आधीच सांगितलं होतं. कुत्सितपणे नव्हे, वाईट वाटूनच म्हणाला, आणि रावजीला तेच जास्त लागलं. सर पुन्हा चष्मा पुसायला लागले. वहिनी घड्याळ बघत होत्या. रावजीला रखवालदाराचा खाकी शर्ट अंगावर चढल्यासारखा वाटला.

तो येऊन बसच्या दारापाशी टेकला. चौकट सरळ बसली का बघायला सकाळी त्याने दाराच्या वरच्या पट्टीला गवंड्याचा ओळंबा बांधला होता, तो तसाच लोंबत होता. इतक्यात शेजारच्या गंगुबाई मिश्रीची चूळ टाकायला खाली उतरल्या. गंगुबाईंचं वजन आळीत प्रसिद्ध होतं. त्या उतरल्या आणि ओळंब्याचा दोरा दाराच्या कडेपासून बोटभर सरकला.

रावजी बघत राहिला.

"गंगुबाय, परत वर चढा बघू."

"आता काय झाला?"

"चढा तर."

त्या चढल्या. दोरा परत कडेला आला. रावजी मोठ्याने हसला. आयुष्यभर त्याने घरांवर छत्र्या बसवल्या होत्या, आणि घराला कधी स्प्रिंगा नसतात. छत्री जागची हलतच नव्हती. पाहुणे आले की बसच बसायची.

जवळच एका घराचं बांधकाम चाललं होतं. रावजी आणि सर स्वतः जाऊन तिथून चार चिरे मागून घेऊन आले. जांभ्या दगडाचा एक चिरा उचलताना सरांची कंबर धरली, पण त्यांनी तो सोडला नाही. रावजीने जॅकने बस एकेका कोपऱ्यावर उचलली आणि चारी कोपऱ्यांत लोखंडी सांगाड्याखाली चिरा सारला. आता बस टायरांवर नव्हती, कोकणातल्या कुठल्याही घरासारखी चिऱ्यावर उभी होती. त्याने छत्री शेवटची फिरवली. अडुसष्ट.

"आता सगळी आत चढा," तो म्हणाला. "हवा तर नाचा."

सतरा माणसं चढली. गंगुबाई मधोमध उभ्या राहिल्या आणि त्यांनी खरोखरच फुगडीची एक गिरकी घेतली. अडुसष्ट. आकडा ढिम्म हलला नाही. सहाला पाच मिनिटं असताना पडद्यावर नीरजा उगवली, विस्कटलेल्या केसांची, हातात कॉफी. एवढी माणसं बघून तिने विचारलं, घरी कोणाचं लग्न आहे का?

"घरी कुठे, भाट्याला आहोत," वहिनी म्हणाल्या. मग सरांकडे वळून त्यांनी साध्या आवाजात विचारलं, "हर्ण्याला कधी निघायचं?"

सरांनी चष्मा डोळ्यांवर चढवला. या वेळी तो पुसायची खरी गरज होती, पण पुसला नाही.

शार्दूल वाकून चिऱ्यांची मापं वहीत उतरवून घेत होता. ओळंबा कुठे बांधायचा हेही त्याने विचारलं, आणि विचारताना रावजीकाका म्हणाला.

नीरजाचं बोलणं झाल्यावर सर म्हणाले, "रावजी, पहिला मान तुमचा. सांगा, काय बघायचं? जगातलं काहीही."

रावजी जरा लाजला. मग म्हणाला, "तो दिसंल का? वरचा."

सरांना उमगायला क्षण गेला. मग त्यांनी शोधून उपग्रहाचं चित्र काढलं. एक चौकोनी पेटी, दोन्ही बाजूंना लांब पंख, मागे काळोख. रावजीने लॅपटॉप दोन्ही हातांनी धरला. पंधरा वर्षं ज्याच्याकडे शहराच्या छत्र्या वळवल्या, तो हा. सर म्हणाले की असे पुष्कळ आहेत, जुने जातात, त्यांच्या जागी नवे येतात. रावजीने मान हलवली, पण बघायचा थांबला नाही.

तो घरी पोचला तेव्हा दिवस मावळत होता. परसात पालथ्या पडलेल्या दोन छत्र्यांच्या शेजारी तिसरी उताणी होती. तिच्यात फडकं अंथरून विमलाने आमसुलं वाळत घातली होती.

"झाला काम?" तिने विचारलं.

"झाला. सर परवा निघतायत." तो पायरीवर टेकला. "कारखान्यात उद्या विचारून येतो."

विमलाने त्याच्याकडे बघितलं. तोंड पडलेलं नव्हतं.

"आज त्याला बघितला," रावजी म्हणाला. "मी ज्याच्याकडं छत्र्या फिरवायचो त्याला."

"कसा हाय?"

"आपल्या ट्रंकेसारखा. पंख हायत दोन." त्याने फणसाच्या शेंड्याच्याही वर, बरंच उंच बोट केलं. "तिथं असतो."

विमलाने हात पदराला पुसले आणि त्याच्या बोटाच्या रोखाने रिकाम्या आभाळात नीट बघून घेतलं. मग दव पडायच्या आत दोघांनी दोन बाजूंनी धरून आमसुलांची छत्री पडवीत नेली.