एका पोस्टकार्डाएवढी चूक

मी एक जुनी लेन्स आहे. पन्नास एमएमची, हाताने कडं फिरवून फोकस करायची. मित्रांनो, आपली कहाणी सांगणाऱ्या वस्तू बहुधा गोड बोलतात. माझ्याकडून ती अपेक्षा ठेवू नका. तीन वर्षं मी एका लोखंडी कपाटात पडून आहे आणि माझं डोकं फिरलेलं आहे.

माझा जन्म पूर्व जर्मनीतल्या एका कारखान्यात झाला. अठ्ठ्याहत्तर साली मध्य प्रदेशातल्या बालाघाटच्या वसंता मेश्रामांनी नागपूरच्या एका दुकानातून कॅमेऱ्यासकट मला घरी आणलं. कोर्टाजवळ त्यांचा लहानसा स्टुडिओ होता. अर्जावरचे फोटो, लग्नं, बदली होऊन जाणारे साहेब, सगळे माझ्यातून गेले.

वसंतादादांची ग्रुप फोटोची एक पद्धत होती. त्यांच्या खिशात मोजून पंधरा फुटांची सुतळी असे. एक टोक माझ्यापाशी धरायचं, दुसरं मधल्या खुर्चीवरच्या माणसाच्या नाकापर्यंत ताणायचं. माझ्या कड्यावर त्यांनी बायकोच्या नेलपॉलिशचा लाल ठिपका लावून ठेवला होता. ठिपका खुणेवर आणला की पंधरा फुटांवरचं सगळं स्वच्छ. साहेब लोक नाकापाशी सुतळी आली की अवघडून बसायचे, पण पंचवीस वर्षांत एक ग्रुप फोटो हुकला नाही.

पुढे फिल्मचे दिवस सरले, स्टुडिओ बंद झाला. वसंतादादांचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं. डॉक्टरांनी तक्त्यावरची सगळ्यात बारीक ओळ त्यांच्याकडून वाचून घेतली आणि पाठ थोपटली.

दोन हजार सहा साली त्यांच्या मुलाने, महेंद्रने, डिजिटल कॅमेरा घेतला. जुन्या लेन्स एका रिंगने नव्या कॅमेऱ्यावर चढवता येतात, असं त्याने इंटरनेटवर वाचलं आणि कुठूनशी तशी रिंग मागवली. मला आनंद झाला, खोटं कशाला बोलू? पण त्या कॅमेऱ्याच्या काचेत डोळा लावून वसंतादादा गोंधळले. जुन्या कॅमेऱ्यात मधोमध एक गोल असे. त्यात चेहऱ्याचे दोन तुकडे जुळले की फोकस झाला, हे कळे. इथे नुसती गुळगुळीत काच. मग त्यांनी पुन्हा सुतळी काढली.

कारणही तसंच होतं. त्यांच्या पत्नी ललिताबाई परसवाड्याजवळच्या प्राथमिक शाळेतून ऑगस्टअखेर निवृत्त होत होत्या. नवऱ्याने अख्ख्या जिल्ह्याचे निरोपसमारंभ टिपले. त्यांनी जन्मात एकच फोटो मागितला. "माह्या निरोपाचा फोटो तुमीच काढा," त्या म्हणाल्या. दादांनी हौ म्हटलं, आणि त्या दिवसापासून ते रोज मला मऊ फडक्याने पुसू लागले.

निरोपाच्या सकाळी निघताना त्यांनी महेंद्रला विचारलं, "एक फोटो आधी काढून पाहू काय रे? रिंग नवीन आहे."

"काही नाही लागत बाबा. फिट बसली न! चला, टाइम होऊन राह्यला," महेंद्र मोटरसायकलला किक मारत म्हणाला.

फिट बसली होती, पण एका पोस्टकार्डाच्या जाडीइतकी पातळ होती. पहिल्या फिरकीतच मला कळलं. मी कॅमेऱ्याच्या आत तेवढीच जास्त सरकले होते, आणि लाल ठिपक्यावर मला पंधरा नव्हे, तेवीस फुटांवरचं स्वच्छ दिसत होतं. ओरडायला मला तोंड नाही.

शाळेच्या पटांगणात सात शिक्षक दाटीने बसले. आभाळ भरलेलं, म्हणून जास्त उजेड यावा यासाठी माझी आतली झडप पूर्ण उघडली होती; अशा वेळी नेमक्या एका अंतरावरचंच स्वच्छ येतं, पुढचं-मागचं पुसट. सुतळी ललिताबाईंच्या नाकापर्यंत गेली, त्या हसल्या, दादांनी बटण दाबलं. मागच्या काडेपेटीएवढ्या पडद्यावर सगळं छान दिसलं. हेडमास्तर खेमराज म्हणाले, "मेश्रामजी, हाथ में अब भी वही बात है." दादा लाजले.

संध्याकाळी फोटो कॉम्प्युटरवर मोठा झाला. साती चेहरे पुसट. मागे, स्वयंपाकाच्या खोलीच्या पायरीवर, पोरांसाठी खिचडी शिजवणारी चंपाबाई हात पुसत उभी होती. तिला फोटोत कुणी बोलावलं नव्हतं. तिच्या हातातल्या बांगड्यासुद्धा मोजता येत होत्या.

"चंपाबाई एवढी साफ कशी आली?" ललिताबाईंनी विचारलं.

दादा फक्त बायकोचा चेहरा पाहत होते. त्यांनी चष्मा पुसला, पुन्हा पाहिलं. "माहे डोळे गेले ललिता," ते म्हणाले. "मले वाटलं, दिसते."

"जाऊ द्या न बाबा, वय झालं," महेंद्र म्हणाला. शाळेतून फोन आला तेव्हाही त्याने तेच सांगितलं.

पुढच्या रविवारी दादा आत खाटेवर पडले असताना महेंद्रने अंगणात विटा रचल्या आणि माझ्यापासून तिथवर सुतळी ताणून बांधली. तीन फोटो काढले. तिन्हींत विटा पुसट, मागचा पेरू स्वच्छ. त्याने रिंग काढली, पोस्टकार्डाचा गोल कापून मध्ये घातला आणि चौथा फोटो काढला. विटेवरचा शिक्का वाचता आला. त्याने वळून आतल्या खाटेकडे पाहिलं. मी वाट पाहत होते. खाट दहा पावलांवर होती. मग त्याने माझ्यावर टोपण लावलं आणि मला कपाटात ठेवलं. महिन्याभरात त्याने स्वतः फोकस करणारी नवी लेन्स आणली.

मित्रांनो, माझ्या काचेत आता बुरशीची जाळी धरू लागली आहे. ती धरू दे. मला पुसा, उन्हात ठेवा, असलं काही मी मागत नाही. जुन्याला नव्यावर चढवाल तेव्हा एकदा तपासून घ्या. आणि एवढं करूनही चूक झालीच, ती तुमची निघाली, तर ज्याच्या माथी ती बसली त्याला जाऊन सांगा. एक वाक्य लागतं. महेंद्रला ते तीन वर्षांत जमलेलं नाही.

रोज सकाळी पेपर येतो. कपाटातून मला सगळं ऐकू येतं. दादा तो उचलतात आणि न उघडताच ललिताबाईंकडे देतात.

"तूच वाच," ते म्हणतात. "मले कुठं दिसते आता."

महेंद्र तिथेच चहा पीत बसलेला असतो.