क्लॅरिनेटवाल्याचा पुढचा दात

मित्रांनो, मी एक जुना दात आहे. वरच्या ओळीतला, अगदी मधला. माझा मालक सात वर्षांचा असताना मी हिरडीतून डोके बाहेर काढले, तेव्हा त्याच्या ताईने आरसा धरून त्याला मला दाखवले होते. केवढे कौतुक झाले होते माझे! आता मालक बेचाळीसचा आहे आणि नाट्यगृहाच्या वाद्यवृंदात क्लॅरिनेट वाजवतो.

क्लॅरिनेटचे टोक तोंडात धरले की वरच्या पुढच्या दातांवर टेकते. वीस वर्षे मी आणि माझ्या जोडीदाराने ते पेलले. टाळ्या मात्र मालकाच्या बोटांना मिळत. चालायचेच.

पण या फुंकून वाजवणाऱ्या मंडळींची एक खोड असते. भरल्या पोटी फुंक लांबत नाही म्हणून तालमीआधी मालक जेवतच नसे. गोड चहा आणि बिस्किटांवर दिवस काढायचा. घसा सुकला की गालात खडीसाखर. सकाळपासून संध्याकाळपर्यंत माझ्या अंगावर साखरेचा लेप! एके दिवशी हिरडीतून रक्त आले. तेव्हा या शहाण्याने काय करावे? तिथे ब्रश लावणेच सोडले. फळे, काकडी, चावायचे सगळे बंद केले आणि बिस्किटे चहात बुडवून खाऊ लागला. हिरडीला आराम म्हणे! मला संताप आला, पण दाताचे ऐकतो कोण?

आणि एका तालमीत, लांब सूर धरलेला असताना, मी हललो.

माझे धाबेच दणाणले. सूर चिरकला. मालकाने क्लॅरिनेट खाली घेतले आणि जिभेने मला चाचपले.

ताईने त्याला ओढतच दातांच्या डॉक्टरांकडे नेले.

"हिरडी सुटलीय, आतलं हाडही झिजलंय," डॉक्टरबाई म्हणाल्या. "मुळापर्यंत साफ करते. दहा आठवडे वाजवायचं नाही. तोवर हिरडीनं दात धरला नाही, तर काढावा लागेल."

"काढला तर मी वाजवू कसं?"

"खाता काय दिवसभर?"

ताईच म्हणाली, "चहा-बिस्किटं आणि खडीसाखर. जेवायला बस म्हटलं की अंगावर येतो!"

"सारखी साखर चघळलीत तर दातांना उसंत कधी मिळणार? घसा सुकला तर पाणी प्या. आणि हिरडी भरून यायला अंगात काही नको का? दूध, अंडी, डाळी, पालेभाज्या, संत्री. नीट जेवा. ब्रश दोन वेळा, रक्त आलं तरी."

क्लॅरिनेट पेटीत गेले. नाट्यगृहात मालकाच्या खुर्चीवर दुसरा वादक बसू लागला. ताई रोज समोर बसून त्याला जेवू घाली आणि मालक दिवसातून दहादा जिभेने मला ढकलून पाही. अरे बाबा, ढकलू नकोस! तिसऱ्या आठवड्यात तो चिडून ताट सारून उठला. ताई म्हणाली, "ऊठ खुशाल. उद्या वाजवता आलं नाही, तर मला सांगू नकोस." तो उभाच राहिला. माझा जीव टांगणीला लागला. मग तो मुकाट्याने खाली बसला आणि पालेभाजी संपवली.

दहा आठवड्यांनी डॉक्टरबाईंनी मला चिमट्यात धरले. मी सगळा जोर लावला. त्यांनी एकदा हलवले, पुन्हा हलवले.

"किंचित हलतोय. पण हिरडीनं धरलाय. राहू दे."

मालक लहान मुलासारखा रडला. ताईने पदराने स्वतःचेच डोळे पुसले.

मी आजही सूर पेलतो, पण आतले झिजलेले हाड काही परत आले नाही. मित्रांनो, तुमच्या घासातला प्रत्येक कण आम्हीच चावतो, आणि तुम्ही नीट जेवलात तरच आमच्या हिरडीला बळ मिळते. दुधाचा दात पडला, तर खाली दुसरा तयार असतो. माझ्यानंतर येणारे कुणीच नाही.