ओढ्यातली शेवटची जोडी

वडिलांच्या ओढ्यावर माझ्या धाकट्या भावाने, ल्योंगाने, मुरूम टाकून आपल्या हॉटेलच्या गाड्यांसाठी जागा केली. ओरडून ओरडून माझा घसा बसला, पण आमच्यात जमीन मुलाची आणि मुलीने पानात बांधून अळकुड्यांचा क्वाकोको उकडत बसावं. बुजवायच्या आदल्या दिवशी पाण्यात उतरून मी एक जोडी तेवढी वाचवली. बोटभर सिक्लिड मासे, पण आमच्या ओढ्यातला रंग अख्ख्या लिंबे शहरात दुसरीकडे नव्हता.

मग ल्योंगाला हॉटेलच्या जेवणाच्या दालनात झाडांनी भरलेली काचेची टाकी हवी झाली. मासे निवडायला मलाच बोलावलं. मी म्हटलं, हीच जोडी ठेव. झाडं उपटत नाही, भोक पाडलेल्या नारळात संसार थाटते.

"ताई, हे आपण लहानपणी रश्श्यात घालायचो," तो हसला. "गिऱ्हाइकाला काय, आमटी दाखवू?"

तरी ठेवली. दुसरा मासा आणणार नाही, असा शब्द दिला. त्यांना ठेवायला माझ्याकडे धुण्याचं घमेलंच होतं, म्हणून मीही नारळासकट दिली.

रविवारी गेले तर टाकीत मलावीच्या तळ्यातले पिवळेधमक दांडगट मासे फिरत होते. झाडं मुळासकट वर तरंगत होती. आमचा नर कोपऱ्यात मरून पडला होता, शेपटी कुरतडलेली. मादी मात्र नारळाच्या तोंडाशी उभी होती, पोट लालजांभळं, मागे अंधारात पिल्लं. पिवळा जवळ आला की ती त्याच्या अंगावर धावून जायची.

"ही लाल कुठली हो?" एका पाहुण्याने विचारलं.

"जर्मनीहून मागवलीय, साहेब," ल्योंगा म्हणाला.

चोर तो चोर, वर शिरजोर. माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. अंगातल्या घोळदार काब्याची बाही वर सारून मी खांद्यापर्यंत हात टाकीत घातला. मादी घाबरून पिल्लांपाशी आत शिरली, तशी भोकावर तळहात ठेवून मी नारळ उचलला.

"ताई, लोक बघतायत."

"बघू देत. त्यांना सांग, जर्मनी परत चाललीय."

"पण नेणार कुठे?"

"ओढ्यात सोडते. तुझी गाडी काढ, ओढा तिच्याखाली आहे."

त्याने गाडी काही काढली नाही.

मी त्या गाड्यांमधून घरच्या घमेल्याकडे निघाले. कोपरावरून पाणी गळत होतं, आणि आतून ती माझ्या तळहाताला चावत होती. चाव बाई, म्हटलं, मीही त्याच घरची आहे.