न पुसलेली वाटी

ठमीला चिमटीच्या कडेवरून आपल्या कडेवर ओढून घेत ताई म्हणाल्या, "उद्यापासून सुरू बरं का. डॉक्टरीणबाईंनी गोळ्या हातात दिल्या. उद्या सकाळी आधी तपासायला जायचं, मग त्यांच्यासमोरच पहिली घ्यायची."

"उद्याच?"

"मग काय मुहूर्त काढायचा? तूच म्हणालीस ना, जितकं लवकर तितकं बरं. जा आता, उशीर होतोय तुला. आणि ही बघ, आई निघाली तरी ढुंकून बघत नाही लबाड."

ठमी खरंच बघत नव्हती. आत्याच्या गळ्यातली साखळी तोंडात कोंबण्यात ती गुंग होती.

चिमटी हे काही तिचं खरं नाव नव्हे. ते लॅबमधल्यांनी ठेवलेलं. पेशींच्या इवल्या वाट्या उचलायचा बारीक चिमटा तिच्या एप्रनच्या खिशात नाहीतर केसांत खोचलेला असायचाच, म्हणून. हळूहळू ते नाव घरात शिरलं आणि नवऱ्याच्या या थोरल्या बहिणीच्या तोंडात कायमचं बसलं. ठमी मान धरायला लागली त्या दिवसापासून दिवसभर ताईंकडे असायची. दुसऱ्याच्या लेकराला इतकं करणाऱ्या ताईंना स्वतःचं मात्र टिकत नव्हतं. दिवस राहायचे, ताई जपून पावलं टाकायला लागायच्या, आणि मग एखाद्या आठवड्यात सगळं संपायचं. नंतर त्या आठ-पंधरा दिवस ठमीला आणू नका म्हणून सांगायच्या आणि तिसऱ्याच दिवशी स्वतः येऊन तिला घेऊन जायच्या.

आता पुन्हा दिवस राहिले होते, आणि या खेपेला ताई चक्क हसत होत्या. त्या हसण्याला कारण चिमटीच होती.

बाळ पोटात रुजतं तेव्हा वारेच्या, म्हणजे प्लासेंटाच्या, पेशी आईच्या गर्भाशयाच्या भिंतीत खणत शिरतात आणि तिच्या रक्तवाहिन्या गाठतात. नीट खणलं तर बाळाला पोटभर मिळतं. कमी खणलं तर ते उपाशी राहतं, आणि जास्त खणलं तर आईच्याच जिवावर बेततं. चिमटीची सगळी उमेदीची वर्षं या खणण्यामागे गेली होती. लग्न दोनदा पुढे ढकललं ते याच्यापायीच, आणि बाळंतपणात पुस्तकं उशाला होती तीही याचीच. मग तिला दिसलं, की सांधेदुखीवरचं एक जुनं औषध घातलं की आळशी पेशी कंबर कसून खणायला लागतात. मॅडमनी, म्हणजे लॅबच्या प्रमुखांनी, तिच्यासोबत शोधनिबंध छापला. ज्या डॉक्टरीणबाई बाळंतिणींच्या परवानगीने लॅबला वार पुरवायच्या, त्यांनी रुग्णालयाच्या समितीकडून मंजुरी काढली. ज्यांचं काहीच टिकत नाही अशा मोजक्या बायकांना ते औषध द्यायचं ठरलं, आणि त्यात पहिल्या ताई.

त्या दुपारी चिमटी नेहमीचंच काम करत होती. एक बारीक भोकांचा पडदा, त्यावर जेलचा लेप. तो लेप म्हणजे गर्भाशयाची भिंत समजायची. लेपावर पेशी सोडायच्या. ज्या खणून पडद्याच्या खालच्या बाजूला पोचतील त्या मोजायच्या. मोजण्याआधी वरचा लेप आणि वरच राहिलेल्या पेशी कापसाच्या बोळ्याने पुसून काढायच्या, म्हणजे खालच्या स्वच्छ दिसतात. जगातल्या सगळ्या लॅबमध्ये असंच पुसतात. चिमटीने इतक्या वाट्या पुसल्या होत्या की झोपेतही तिची बोटं तशी फिरायची, असं तिचा नवरा सांगायचा.

बोळा हातात घेतला तेवढ्यात फोन वाजला. ताई.

"घाबरू नकोस. टेंगूळ आलंय जरासं. टेबलाचा कोपरा लागला."

"रडतेय?"

"ती कुठली रडतेय, मीच रडतेय. ती टेबलाला मारतेय."

बोलता बोलता चिमटीने एका हाताने वाटी मायक्रोस्कोपखाली सरकवली. बोळा राहूनच गेला. फोन ठेवला, डोळा लावला, आणि ती तशीच वाकून राहिली.

लेप फाटला होता. दुधावरची साय बोटाने ओढावी तसा कडेकडेने विरून गेला होता. जागोजाग उघडा पडदा दिसत होता आणि त्या उघड्या जागांखालीच पेशींची गर्दी होती.

तिने औषध न घातलेली वाटी घेतली. तीही पुसली नाही. तिच्यातला लेप गुळगुळीत, एकसंध.

"काय गं, भूत बघितलंस?" शेजारच्या टेबलावरून बोका म्हणाला. हा तिचा सहकारी. फ्रिजमधले सगळ्यांचे डबे चाखून बघतो म्हणून बोका.

"इकडे ये. काय दिसतंय सांग."

बोक्याने बघितलं. खाण्याची सवय असलेलं त्याचं तोंड मिटलं. "लेप वितळलाय. औषधाच्याच वाटीत." मग हळूच म्हणाला, "म्हणजे पेशी खणत नसतील. पडत असतील."

"पुसून टाकत होतो आपण," चिमटी म्हणाली. "दर वेळी. जे बघायला हवं तेच आधी पुसून टाकत होतो."

"एका वाटीवरून काय सांगतेस? जेल खराब असेल. बर्फावरून काढून बाहेर राहिलं असेल."

असेलही. पण त्या वाटीच्या जागी तिला ताईंचं हसणं दिसत होतं.

मॅडम काचेच्या केबिनमध्ये होत्या. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं, चष्मा काढला, पुसला, पुन्हा घातला.

"कसं तपासशील?"

"मेलेल्या पेशी वापरून. मारून, धुऊन त्याच लेपावर सोडते. मेलेली पेशी खणू शकत नाही. औषधाच्या वाटीत ती खाली सापडली, तर औषध पेशींना काही करत नाही, लेपच विरघळवतं."

मॅडम खुर्चीत मागे रेलल्या. त्यांच्यामागच्या भिंतीवर त्या निबंधाचं पहिलं पान चौकटीत लावलेलं होतं. "सोपं आहे. लाज वाटावी इतकं सोपं आहे. कर. उद्या सकाळी जे दिसेल ते आधी मला सांग. बाकी कुणालाही माझ्यानंतर."

"मॅडम, माझी नणंद उद्या सकाळी..."

"ठाऊक आहे. म्हणून तर म्हणतेय. अर्धवट काही बोललीस आणि औषध खरं निघालं, तर तिचा दिवस वाया गेला. हे दिवस परत मिळत नाहीत, हे तूच लिहिलंयस."

तिने पेशी मारल्या. पुन्हा पुन्हा धुतल्या, कारण मारायचं रसायन जरा जरी राहिलं तर लेप घट्ट होतो आणि उत्तर खोटं येतं. जेल बर्फावर, नळ्या बर्फावर, तिची बोटंही बर्फासारखी. अर्ध्या वाट्यांत औषध, अर्ध्यांत नाही. इनक्युबेटरचं दार लावलं तेव्हा बोका म्हणाला, "डबा खाल्ला नाहीस तू." आणि आश्चर्य म्हणजे त्यानेही तो खाल्ला नव्हता.

संध्याकाळी ठमीला न्यायला गेली तेव्हा ताई तिला मांडीवर घेऊन टेंगळावर फुंकर घालत होत्या. लेक आईकडे झेपावली. चिमटीने तिचं डोकं हुंगलं, तेल आणि बिस्किटाचा वास, आणि मॅडमचा शब्द मोडला.

"ताई, उद्याची गोळी घेऊ नका. एक दिवस थांबा. मला एक शंका आलीय."

ताईंचा हात हवेतच राहिला. "कसली शंका?"

"औषध खरंच काम करतं का याची. सकाळी कळेल."

"छापून आलं ना ते? तुझ्या नावानिशी?"

"आलं."

"मग माझीच पाळी आली तेव्हा शंका?" ताईंचा आवाज चढला नाही, उलट खाली गेला. ठमी दचकून त्यांच्याकडे बघू लागली. "तूच बसली होतीस या खुर्चीत. म्हणालीस, ताई, आत्ता या आठवड्यांत त्या पेशी खणतात, मग दार बंद होतं. म्हणालीस की नाही?"

"म्हणाले."

"मग मी थांबू आणि दार बंद झालं तर? ते कुणी उघडायचं, तू?"

मॅडमनीही हेच बजावलं होतं, फक्त शांतपणे.

"औषध खोटं असेल तर तुम्ही उगाच घ्याल, ताई. शिवाय कमी नाही, तर जास्तच खणलं गेलं तर..."

"मला जास्त चालेल," ताई म्हणाल्या. "कमीच झालंय माझं सगळं आजवर." आणि उठून त्या स्वयंपाकघरात गेल्या. थांबते असं काही त्या म्हणाल्या नाहीत.

त्या रात्री ठमी आईच्या कुशीत पाय पसरून झोपली आणि आईचा डोळा लागला नाही.

सकाळी ठमीला नवऱ्याने ताईंकडे सोडलं. चिमटी थेट लॅबमध्ये. बोका तिच्याआधी आला होता, नुसता उभा होता. तिने वाट्या काढल्या, पेशी उठून दिसाव्यात म्हणून पडद्याला जांभळा रंग दिला, धुतला. आधी औषध नसलेली वाटी. खालची बाजू कोरी. एकही पेशी नाही. मेलेल्या पेशींनी मेलेल्यासारखंच वागायला हवं, तशा त्या वागल्या होत्या.

मग औषधाची वाटी. तिने मायक्रोस्कोपचा स्क्रू फिरवला आणि चित्र स्पष्ट झालं.

जांभळं जांभळं. कडेकडेने, झुंडीने. कालच्या जिवंत पेशींइतक्याच मेलेल्या पेशी पडद्याच्या खाली पोचल्या होत्या.

"मोजू?" बोक्याने विचारलं.

"काय मोजायचंय त्यात?"

फोन हातातच होता. मॅडम की ताई, हा प्रश्न पडला तोवर तिच्या बोटाने ताईंचा नंबर लावलाही होता.

"ताई, निघालात का तपासायला?"

"नाही अजून."

"जाऊ नका. गोळी घेऊ नका. ते औषध पेशींना काही करत नाही. माझी चूक होती, ताई. आम्हा सगळ्यांचीच."

पलीकडे ठमीचं काहीतरी आपटणं चाललं होतं.

"मी घेतली," ताई म्हणाल्या. "पहाटेच घेतली. तू पुन्हा नको म्हणशील म्हणून आधीच घेतली."

चिमटी रिक्षातून उतरली तीच पळत. ताईंनी दार उघडलं. ठमी त्यांच्या पायाला मिठी मारून होती.

"एका गोळीने काही होणार नाही," चिमटी धापा टाकत म्हणाली. "जुनं औषध आहे, लोक वर्षानुवर्षं घेतात. पण पुढची नाही. डॉक्टरीणबाईंकडे चला, मी येते बरोबर. त्या तपासतील."

"आणि बाळ? ते टिकेल?"

"मला माहीत नाही."

"एवढं शिकून?"

"हो. एवढं शिकून."

ताई तिच्याकडे बघत राहिल्या. त्यांच्या डोळ्यांत राग होता, भीती होती, आणि चिमटीला वाटलं, आता दार लावतील. पण त्यांनी ठमीला उचललं, आईच्या कडेवर दिलं आणि विचारलं, "आणखी कुणाला देणार होत्या डॉक्टरीणबाई?"

"तुमच्यानंतर दोघींना. उद्या."

"त्यांना कळलंय?"

"अजून नाही. आधी मॅडमना सांगायचंय, मग मॅडम..."

"मग मॅडमची मीटिंग होणार आणि तोवर त्या दोघी गोळी घेऊन मोकळ्या होणार. माझ्यासारखी एखादी पहाटेच घेईल." ताई खुर्चीत बसल्या, एक हात पोटावर. "आत्ता फोन लाव. डॉक्टरीणबाईंना. माझ्यासमोर."

"मॅडम मला काढून टाकतील, ताई."

"टाकू देत. ठमीला मी सांभाळते, तुलाही सांभाळीन. लाव."

चिमटीने नंबर लावला, फोन टेबलावर ठेवला आणि आवाज मोठा केला. घंटा वाजायला लागली. ठमीने फोनकडे हात नेला, तर ताईंनी तो हात आपल्या मुठीत धरून ठेवला.

"हॅलो," डॉक्टरीणबाईंचा आवाज आला. "हं, बोला."

चिमटी बोलायला लागली.