रांगांमधली वाट

फरहाने स्लॅबवर खडूने चौकोन आखला, त्यात फुली मारली आणि पुढच्या चौकोनाकडे सरकली. जिथे फुली, तिथे उंचावलेल्या फरशीखाली जाड लोखंडी आधार बसायचे. वर सर्व्हरची कपाटं येणार होती, भरल्यावर एकेक टनाहून जड, आणि तो सगळा भार चार पायांतून खाली उतरणार होता. पनवेलबाहेर उभ्या राहत असलेल्या या डेटा सेंटरच्या फरशीचं गणित तिच्याकडे होतं.

झाडू मारणारी गोदा एका फुलीपाशी थांबली होती.

"मॅडम, हितं काय येल?"

"कपाटं. सगळ्यात जड रांग इथेच आहे."

गोदा खाली बसली. मग तुटक तुटक तिने सांगितलं. ही इमारत नव्हती तेव्हा इथे वीटभट्टी होती. ती आणि तिचा नवरा शुक्रा विटा थापायचे, शेजारीच झोपडी होती. त्यांची मनिषा तापाने गेली, अजून पाऊलही टाकत नव्हती. भट्टीमागे तिला पुरलं. अर्धवट भिंतीतून कर्नाळ्याचा सुळका दिसत होता. तो आणि रस्त्याकडची विहीर यांच्या बरोब्बर मध्ये ती जागा. गोदा रडली नाही. हात मात्र तिने स्लॅबवर उपडा ठेवला होता.

"मान्सं चालली तं चालंल. वझं बाजूला नाय का व्हनार?"

फरहाने पायाचे नकाशे पाहिले होते. तळघरासाठी इथली जमीन दोन पुरुष खोल खणली होती, माती डंपरने कुठल्याशा भरावाला गेली होती. या स्लॅबखाली आता कोणी नव्हतं. हे सांगायला तिने तोंड उघडलं, आणि नुसतंच "बघते" म्हणाली.

तिने नकाशा पुन्हा मांडला. रांगा अशा सरकवल्या, की त्या फुलीवर येण्याजाण्याची वाट यावी. सगळे आधार नव्याने काढावे लागले. तिचा वरिष्ठ सुशांत वैतागला. आधीच्या नकाशात चूक काय होती, हे त्याला कळेना. फरहाने कारण सांगितलं नाही. हिशेब पक्का आहे एवढंच म्हणत राहिली. शेवटी त्याने होकार दिला.

दुसऱ्या दिवशी तिने गोदाला गाठलं.

"तिथे कपाट येणार नाही आता. वाट येईल."

गोदाने मान हलवली.

"पोकलेन आला तवा मी हितंच कामाला व्हते, मॅडम," ती म्हणाली. "सगली माती गारीत भरताना बगितली. ती नाय हितं. ठाव हाय मला."

फरहाने त्या फुलीकडे पाहिलं.

"पन दुसरी जागाच नाय ना तिची."

आणि झाडू उचलून गोदा पुढच्या दालनात गेली.