निळा दात

सूक्ष्मदर्शकाखाली दाताच्या मुळाच्या खोबणीत निळा ठिपका दिसला आणि प्रणालीने पुन्हा वाकून पाहिलं.

दात मोहरीएवढा. सिरोंचाकडच्या, डायनोसॉरच्या काळातल्या खडकातला. प्राणी पुरता सस्तन नव्हे, सस्तनांचा चुलत पूर्वज. कुठल्याच माहीत असलेल्या कुळात बसेना, म्हणून तिने त्याच्यासाठी नवं कुळ मांडलं होतं. सगळी पीएचडी या एका दातावर उभी होती आणि उद्या बाहेरचे परीक्षक तो बघायला नागपुरात येणार होते. घरी बाबा चिडवायचे, "डोंगर पोखरून उंदीर काढला वं पोरीनं!" आता खरोखरच उंदीर निघतो की काय!

कारण प्रयोगशाळेची रीतच होती: एका ठिकाणची माती किंवा भिजवून फोडलेला खडक चाळून झाला की चाळणी निळ्या रंगात बुडवायची, मगच दुसऱ्या ठिकाणचं चाळायचं. आधीचं काही जाळीत अडकलं असेल तर ते निळं होऊन निघतं आणि टाकून देता येतं. सिरोंचाच्या आधी चाळला होता कन्हान नदीचा गाळ. म्हणजे हा दात परवा मेलेल्या एखाद्या चिचुंद्रीचा. खडकातले दात काळपट असतात, हा इतका फिका कसा, हे तिने तेव्हाच विचारलं होतं. "तिथले दात फिकेच राहतात," असं सांगून शालिकराम सरांनी, तिच्या मार्गदर्शकांनी, तो स्वतःच डिंकाने टाचणीवर चिकटवून दिला होता, मूळ खाली करून. आज फोटोसाठी तिने तो पहिल्यांदाच सोडवून उलटा केला.

तिने मान वर करून हाक मारली. "सर, दातावर निळं दिसून राहिलं."

सर टेबलापाशी आले. "काहून एवढी घाबरून राहिली वं? मुळाच्या खोबणीतच आहे ना? स्पिरिटचा ब्रश फिरव, निघून जाते."

सर सूक्ष्मदर्शकावर वाकलेही नव्हते.

"तुम्हाले माहीत होतं, सर?"

"उद्या परीक्षक येऊन राहिले," एवढंच म्हणत त्यांनी ब्रश पुढे केला.

तिने तो घेतला नाही. कॅमेऱ्याचं बटण दाबलं. ठिपक्यासकट फोटो निघाला. सगळी मेहनत पाण्यात गेली, वर गुरूशी वैर, हे तिला कळत होतं, आणि रडू आवरत नव्हतं.

पण खरी भीती त्यानंतर वाटली. सरांच्या पाठीमागे काचेचं कपाट होतं. त्यांनी आयुष्यभर नावं दिलेले दात त्यात टाचण्यांवर ओळीने उभे होते. त्यांच्याशीच ताडून बघत ती दात ओळखायला शिकली होती. प्रत्येकाचं मूळ असंच डिंकात बुडवलेलं होतं.